सतरंजीखालचं तणस

कमळाबाई: थांबव जरा. माझा चहा निवला, तरी तुझी नांदी संपेना. पडदा उघडणार केव्हा?

जिशान: बाई, यात पडदा नाही. तुम्ही जे ऐकलं तोच पहिला ट्रॅक होता. संपत आला होता.

कमळाबाई: आणि गाणारा?

जिशान: गाणारा नाहीये. पूर्ण अल्बममध्ये कुणीच गात नाही.

सोमाजी: हात तुझी. मले वाटलं गाणारा मोटारसायकलनं येऊन राह्यला, अन् हे लोकं त्याची वाट पाहून राह्यले.

कमळाबाई: सोमाजी, तुम्ही रंगमंचावरून निवृत्त झाला आहात. घरात विनोदाला टाळ्या मिळत नाहीत.

सोमाजी: तिथी तरी कुठी भेटत होत्या बाई? मी विनोद सांगो, अन् तेवढ्यात तुमची एंट्री. लोकं माह्या तोंडावर पाठ करून उभे राहत.

कमळाबाई: जिशान, शेवयांचा डबा यांच्या हातून घे आणि आत नेऊन ठेव. यांना साखर वर्ज्य आहे. खैरुनने त्या माझ्यासाठी पाठवल्या आहेत.

सोमाजी: वास घेऊन राह्यलो होतो फक्त.

जिशान: अम्मीने दोघांसाठी पाठवल्यात. ती म्हणाली, सोमाजीभाऊला नाही म्हटलं तरी ते खातील, म्हणून जास्तीच्या टाकल्या.

कमळाबाई: बैस आता. आणि मला नीट समजावून सांग. पुण्यात तुझा तो रॉक बँड आहे, ‘भट्टी’ नावाचा. माझ्या सुनेने मला मोबाईलवर दाखवला. चार मुले केस मोकळे सोडून एकमेकांवर ओरडत होती आणि त्यांच्या मागे तू ड्रम वाजवत होतास. ते मला समजले. भांडण होते, आणि भांडणाला ताल होता. मग हे आज आणलेस ते काय?

जिशान: ‘भट्टी’ चालूच आहे. हे माझं बाजूचं काम. जॅझ फ्युजन म्हणतात याला. एक सॅक्सोफोन, एक कीबोर्ड, बास, आणि ड्रमवर मी. ‘भट्टी’त मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोरात वाजवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात, ड्रमर झोपला का. इथं तसं नाही. तुकडा कितीही लांबतो, ताल मध्येच बदलतो. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मग दुसरा त्याला उत्तर देतो.

कमळाबाई: म्हणजे नाटक.

जिशान: हो. हेच मला बँडच्या पोरांना सांगता आलं नाही. ते म्हणतात, जिशान फालतूमध्ये टाइम घालवून राह्यला.

सोमाजी: थ्यायचं बी एकदम चूक नाई म्हणा.

कमळाबाई: मुलांनी काय म्हणावे याला किंमत नाही. अयूबने ऐकले का? आमच्या मंडळात तुझ्या वडिलांनी इतके हंगाम ऑर्गन वाजवला, त्याच्या कानावर माझा विश्वास आहे.

जिशान: त्यांनाच आधी ऐकवलं. पुण्याहून सरळ चंद्रपूरला उतरलो. अब्बा कुणाचीतरी पेटी खोलून बसले होते. भाते चिकटवता चिकटवता ऐकत होते. तीन ट्रॅक झाले, म्हणाले, सूर ठीक आहेत. चौथा लागला तसा हात थांबला त्यांचा. तो संपल्यावर उठले, अन् अम्मीला म्हणाले, शेवया कर, पोराला वडशाला जायचंय.

कमळाबाई: चौथ्यात असे काय आहे?

जिशान: तेच ऐकवायला आलोय. अन् विचारायला. पुढच्या आठवड्यात अल्बम बाहेर येतोय. त्यात तो तुकडा राहील की नाही, हे तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही म्हणालात तर मी काढून टाकीन.

कमळाबाई: मी कशाला सांगू? मी वडशाच्या एका नाट्यमंडळाची मालकीण. तुझ्या अल्बमची नव्हे.

जिशान: त्या तुकड्याच्या आहात.

सोमाजी: लाव बाप्पा. बाई कशाच्या मालकीण नाईत, थे तरी समजू दे एकदाचं.

(चौथा तुकडा वाजू लागतो. सोमाजी अजून मांडीवरच राहिलेला डबा खाली ठेवतात. तुकडा संपण्याआधीच कमळाबाई हात वर करतात.)

कमळाबाई: बंद कर.

जिशान: केलं.

कमळाबाई: हे माझे पाऊल आहे.

जिशान: हो, बाई.

कमळाबाई: राणी सोनवेणीचा दुसऱ्या अंकातला प्रवेश. उजव्या विंगेतून सिंहासनापर्यंत.

जिशान: हो.

कमळाबाई: सोमाजी, तुम्ही थोडा वेळ अंगणात जाऊन बसा.

सोमाजी: काऊन जी?

कमळाबाई: मी सांगते आहे म्हणून.

सोमाजी: बाहीर ऊन लै हाय, बाई. अन् जे तुमी झाकून राह्यल्या, थे मले माहीत हाय.

कमळाबाई: काय माहीत आहे?

सोमाजी: तुमचा डावा पाय.

कमळाबाई: तुम्हांला मी एवढेच सांगितले होते की पाय मुरगळला आहे.

सोमाजी: सांगतलं होतं ना. मी हो म्हटलं होतं.

कमळाबाई: मग अयूबने सांगितले असेल.

जिशान: नाही. अब्बांनी अम्मीलासुद्धा सांगितलेलं नाही. खरंच.

कमळाबाई: दव पडून पायरी ओली झाली होती. दिवाळीनंतरच्या मंडईचे, गावजत्रेचे नाटक, समोर माणसांचा समुद्र, आणि मी मागच्या पायरीवरून घसरले. घोटा मोडला. शेवटचा अंक तशाच पायाने केला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले, ते मी हंगाम बुडू नये म्हणून मुदतीआधी काढायला लावले. हाड वाकडे जुळले. ही गोष्ट डॉक्टरांना, अयूबला आणि या मुलाला, एवढ्यांनाच ठाऊक होती. अयूबला सांगणे टाळताच येत नव्हते, त्याचा ऑर्गन माझ्या पावलावर चाले. आणि हा स्टेजपुढे ऑक्टोपॅड वाजवायला बसत असे. त्याच्यावाचून माझा प्रवेश झालाच नसता.

जिशान: तुम्ही मला मेकअपच्या खोलीत बोलावलं होतं. मला वाटलं, हाकलताय. आदल्या नाटकात माझा ठोका हुकला होता.

कमळाबाई: तो तर हुकलाच होता.

जिशान: तुम्ही म्हणालात, माझे डावे पाऊल उणे पडेल. ते पडेल तिथे तुझा ठोका पडला पाहिजे. प्रेक्षकांना पाय दिसता कामा नये, ताल दिसला पाहिजे. मग मी पूर्ण सीझन तेच केलं. तुमचं पाऊल लवकर उचललं जायचं, म्हणून आठ मात्रांचं चालणं सातात यायचं. मी ते सातच धरलं, अन् जिथं पाऊल कमी पडायचं तिथं मोठा ठोका टाकला.

कमळाबाई: आणि लोक म्हणाले, काय ही राणीची चाल.

सोमाजी: अन् पुढच्या साली ब्रह्मपुरीकडच्या कंपनीची राणी बी तशीच चालाले लागली. पण तिले कोणता पाय उणा करावं थेच समजे ना. पह्यल्या अंकात डावा, दुसऱ्या अंकात उजवा.

कमळाबाई: हसू नका. तिने निदान निरीक्षण तरी केले होते.

सोमाजी: तुमी बी हसून राह्यल्या, बाई.

कमळाबाई: मी हसत नाही. जिशान, तुझ्या त्या मंडळींना तू काय सांगितलेस? हा तुकडा कोणाचा आहे म्हणून?

जिशान: काहीच नाही. सॅक्सोफोनवाला सारखा विचारायचा, हे सातचं कोणत्या देशातून उचललं. मी म्हटलं, वडशाचं आहे. त्याला वाटलं, मी टाळतोय. बासवर शाजिया आहे, तिला काही सांगावं लागत नाही. ती तिसऱ्या तालमीला म्हणाली, जिशान, हे गणित नाहीये, कुणीतरी चालतंय. मी परत पहिल्यापासून वाजवायला लागलो.

कमळाबाई: मग मला विचारायला इतक्या दूर का आलास? कोणाला काही कळणार नव्हते.

जिशान: मला कळणार होतं ना.

कमळाबाई: हं.

जिशान: अन् मला तुमचं नाव टाकायचंय. हा ताल मी बनवलेला नाही. माझ्या नावावर तो गेला, तर मला तो परत वाजवता येणार नाही.

कमळाबाई: नाव येणार नाही. ऐकून घे. मी जन्मभर लोकांना राणी दाखवली. एकाही गावाने लंगडी बाई पाहिलेली नाही. आता या वयात मी कोणाला ती दाखवणार नाही. तुकडा चांगला आहे. फार चांगला आहे. त्या सॅक्सोफोनवाल्या मुलाला सांग, सिंहासनाशी पोहोचल्यावर त्याने जो सूर लांबवला आहे, तो बरोबर तिथेच हवा होता. पण तो तुकडा राहणार असेल, तर माझे नाव नको, वडसा नको, सोनवेणी नको.

जिशान: मग तो काढून टाकतो.

कमळाबाई: हट्ट कोणाजवळ करतोस?

जिशान: तुमच्याजवळच शिकलोय.

सोमाजी: आता घ्या.

कमळाबाई: तुम्ही मध्ये पडू नका. जिशान, आणखी एक सांग. पहिले पाऊल पडण्याआधी त्यात काहीतरी सरसरते. पुढेही अधूनमधून येते. ते काय आहे?

जिशान: ते होय. जॅझमध्ये ड्रमवर काड्यांऐवजी तारांचा ब्रश फिरवतात, हळू वाजवायचं असलं की. मला तो आवाज चालत नव्हता. मग मागच्या वेळी इथून नेलेलं धानाचं वाळलेलं तणस होतं माझ्याकडे, त्याची मूठ बांधली अन् ती फिरवली.

कमळाबाई: तणस पुण्याला नेलेस?

जिशान: बॅगेत. बसमध्ये सगळीकडे सांडलं.

कमळाबाई: पण तणसच का?

जिशान: तुमच्या पावलाखाली वाजायचं ना.

कमळाबाई: हो, ते बरोबर. उजव्या विंगेशी सतरंजीखाली गावोगावी तणस पसरलेले असे. पाय धड होता तोवर खाली काय आहे याकडे माझे लक्षच नव्हते. फार सुंदर रीत आहे ती. रंगदेवतेचे ते आसन. मी मंडळातल्या प्रत्येक नव्या मुलीला त्याला नमस्कार करूनच पुढे पाऊल टाकायला शिकवले.

सोमाजी: अजून करतेत थ्या पोरी. तुमची सूनबाई बी करते.

कमळाबाई: करायलाच हवा. का? तुम्ही दोघे एकमेकांकडे काय पाहता आहात?

जिशान: भाऊ, तुम्ही सांगा.

सोमाजी: मी काऊन? तू सांग. अल्बम तुझा हाय.

कमळाबाई: सोमाजी.

सोमाजी: सांगतो जी. बाई, तशी रीत नाई कुठीच. दुसऱ्या कंपनीच्या स्टेजवर जाऊन पाहाल, तं सतरंजीखाली निस्ती फळी भेटन.

कमळाबाई: मी दुसऱ्या मंडळाच्या रंगमंचावर कधी पाऊल ठेवलेले नाही.

सोमाजी: म्हून तं तुमाले माहीत नाई. थे तणस तुमच्या पायासाठी होतं.

कमळाबाई: माझ्या?

सोमाजी: तुमी पायरीवरून पडल्या, तेव्हा मांगं चूल होती. बुधरी होती तिथी, आपल्याले चहा करून देत होती. तिनं पाह्यलं. तुमी उठून, पदर झटकून, तोंडाले पावडर लावून परत स्टेजवर गेल्या, थे बी तिनं पाह्यलं. तिची बहीण दुसऱ्या गावात देल्ली होती. बुधरीनं तिले सांगतलं. तिनं आपल्या नणंदेले. असं करता करता गेलं. मंग जिथी आपलं नाटक ठरे, तिथच्या बाया सकाळीच म्हणत, कमळाबाईची कंपनी येऊन राह्यली, विंगेपाशी तणस टाका, तिचा पाय उणा हाय. माणसं मांडव टाकत, अन् बाया तणस आणत.

कमळाबाई: सगळ्या गावांत?

सोमाजी: अवघ्या झाडीपट्टीत, बाई. कोरचीपासून सिंदेवाहीपावतर.

कमळाबाई: आणि मला कोणी बोलले नाही.

सोमाजी: तुमच्या समोर? कोणाच्या बापाची हिंमत.

कमळाबाई: जिशान, तुलाही ठाऊक होते?

जिशान: मी तर तिथंच समोर बसायचो. बाया सतरंजी उचलायच्या, तणस पसरायच्या, अन् मला म्हणायच्या, पोरा, बाईला सांगू नको. खरं सांगू का, मला त्या तणसाचा त्रासच व्हायचा. पावलाचा ठोका ऐकूच यायचा नाही, नुसती सरसर. तुमच्या पैंजणाकडे बघून वाजवावं लागायचं.

कमळाबाई: म्हणजे इतकी वर्षे मी राणी म्हणून मिरवत होते, आणि समोर बसलेला प्रत्येक जण माझी कीव करत होता.

सोमाजी: कीव नोती जी.

कमळाबाई: मग काय होते?

सोमाजी: कीव असती, तं एखादी तरी येऊन सांगून गेली असती का पाहा बाई, तुमच्यासाठी तणस टाकलं. कीव करणाऱ्याच्या पोटात थे राहत नाई. ह्या बाया तुमाले राणी पाहाले येत होत्या. राणीच्या पायाखाली टोचू नये, इतकंच. अन् राणीले काहाले सांगा?

कमळाबाई: बुधरी आहे का अजून?

सोमाजी: हाय. डोळ्यानं कमी दिसते आता. मंडईले येते, नातवाच्या हाताले धरून. तुमचं नाटक नसलं तं लवकर उठून जाते म्हणे.

कमळाबाई: चहा केव्हाचाच गार झाला. नको, राहू द्या, दुसरा नको. जिशान, तो तुकडा परत लाव. सुरुवातीपासून.

जिशान: लावतो.

कमळाबाई: आवाज वाढव. अजून. हो. हे तणस. आता मी विंगेत उभी आहे. इथे तुझ्या वडिलांचा सूर यायचा, तो या मुलीने बासवर धरला आहे ना?

जिशान: शाजियाने. अब्बांना तेच आवडलं.

कमळाबाई: तिला घेऊन ये कधीतरी. उजवे पाऊल. डावे. इथे. थांबव. मागे घे थोडे. हे काय आहे?

जिशान: बास ड्रम. पायाने वाजवतात तो मोठा.

कमळाबाई: माझे डावे पाऊल उणे पडते, नेमका तिथे तो पडतो आहे.

जिशान: हो. सवय आहे, बाई. मी ठरवलं नव्हतं. पाय आपोआप गेला तिथं.

कमळाबाई: तू अजून झाकतो आहेस मला.

जिशान: तुम्हीच सांगितलं होतं.

कमळाबाई: सांगितले होते. आता मी सांगते आहे, तो काढ.

जिशान: काढला तर त्या जागी काही राहत नाही. नुसतं तणस वाजेल.

कमळाबाई: वाजू दे.

जिशान: पाऊल उणं आहे हे स्वच्छ ऐकू येईल, बाई. ऐकणाऱ्या प्रत्येकाला.

कमळाबाई: ज्यांच्यापासून मी ते लपवत होते, त्यांनी माझ्या पायाखाली तणस पसरले. आता पुण्याच्या माणसांपासून काय लपवू?

सोमाजी: अन् दुसऱ्या देशाचे लोकं ऐकतीन तं?

कमळाबाई: त्यांनाही ऐकू दे. त्यांनी पुष्कळ नीट चालणाऱ्या राण्या पाहिल्या असतील.

जिशान: मग नाव टाकू?

कमळाबाई: पूर्ण टाक. आणि खाली बुधरीचे टाक. तणस तिचे आहे.

जिशान: टाकतो.

सोमाजी: अन् माह्यं?

कमळाबाई: तुमचे कशासाठी? तुम्ही काय केलेत?

सोमाजी: इतके साल तोंड बंद ठेवलं. माह्यासारख्या माणसाले थे सोपं हाय का?

कमळाबाई: मग आज थोडे काम करा, म्हणजे विचार करू. पलीकडे तुमच्या गोठ्यात तणस आहे ना? ताजे आणा. आणि आतली सतरंजी काढा, ती तांबडी. जिशान, तुझ्याजवळ आवाज धरायचे ते यंत्र आहे का?

जिशान: रेकॉर्डर आहे बॅगेत. कशाला?

कमळाबाई: तू मुठीने तणस फिरवलेस, ते ठीक होते. पण ते पाऊल नव्हे. हाताला वजन नसते.

जिशान: बाई, तुम्ही चालणार?

कमळाबाई: राणी चालेल. तू तुझे यंत्र जमिनीशी ठेव. तिथे नको, सिंहासन तिथे आहे. उंबऱ्याशी ठेव, ती आपली उजवी विंग.

जिशान: डॉक्टर तर तुम्हाला या वयात काठीशिवाय उठू नका म्हणालेत ना?

कमळाबाई: राणीच्या हातात काठी तू कधी पाहिलीस?

जिशान: मी इथं जवळ बसतो मग. तोल गेला तर.

कमळाबाई: तू नेहमी बसत होतास तिथेच बैस. समोर. खाली.

सोमाजी: आणलं बाई. लै नोतं, बैलायनं खाल्लं. इतकं पुरन का?

कमळाबाई: पुरेल. नीट पसरा. कडेला जास्त टाका, पाऊल तिथे पहिले पडते. हां. आता सतरंजी. मला हात द्या उठायला. पुरे. सोडा आता.

सोमाजी: चाला मंग.

कमळाबाई: थांबा. आधी नमस्कार.

सोमाजी: आता काहाले जी? रंगदेवतेचं आसन नाई, थे तं समजलं ना तुमाले.

कमळाबाई: समजले. आता कोणाला करायचा, तेही समजले.

जिशान: सुरू केलंय, बाई. मी हळूच मांडीवर ताल धरू का? नुसता, तुमच्या सोयीसाठी?

कमळाबाई: नको. आज तू नुसता ऐक.